चेनकुप्पीची टिकटिक

ग्वाल्हेरला पाहुणे आले की आम्ही त्यांना जयविलास महाल दाखवायला नेतो, आणि दरबार हॉलमधली साडेतीन-साडेतीन टनांची ती दोन झुंबरं बघून प्रत्येकजण विचारतो की एवढं धूड वर चढवलं कसं. गाईड मात्र हत्तींची गोष्ट सांगतो, झुंबरं टांगायच्या आधी म्हणे छतावर हत्ती चढवून बघितले. आठ की दहा ते सांगणाऱ्यावर. गोष्ट खरी असो नसो, मुद्दा पटतो, उचलण्यापेक्षा पेलून धरणं जास्त अवघड.

मला हे कळलं ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घरी बोरिंगची मोटर काढताना. तीन पायपांची घोडी, तिला टांगलेली चेनकुप्पी, म्हणजे साखळी ओढून वजन उचलायचं यंत्र, आणि एक काटकुळा पोरगा. हातभर साखळी ओढली की पाइप जेमतेम नखभर वर. फुकट काही नाही हो, 1000 किलो 25 किलोच्या जोराने उचलायचे तर घर्षण सोडलं तरी मीटरभरासाठी 40 मीटर साखळी ओढावी लागते, आतले गिअर एवढंच करतात. हायड्रॉलिक जॅकचंही तेच, तिथे साखळीऐवजी तेल.

आणि मध्येच पठ्ठ्या साखळी सोडून चहा प्यायला बसला! माझ्या पोटात गोळा. पण मोटर जागची हलली नाही, कारण लटकलेलं वजनच आतल्या ब्रेकच्या चकत्या दाबून धरतं, वजन जास्त तशी पकड जास्त. वर नेताना टिकटिक वाजतो तो दातेरी चाकावरचा खटका, तो चाक उलटं फिरू देत नाही. उतरवायला दुसऱ्या बाजूची साखळी ओढायची, ब्रेक सैल होतो, वजन जरासं खाली येतं आणि ब्रेक पुन्हा आपोआप आवळतो, तेव्हा टिकटिक नाही.

ओढायचं काम वेगळं. टनभराची गाडी सपाट रस्त्यावर 10-20 किलोच्या जोराने सरकते, म्हणून नुसत्या ओढण्यासाठी बनवलेल्या गाडीच्या विंचने, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने, कोणी काही लटकवायला लागला तर तिथून लांब व्हा.

पुढे आजोबांची तिजोरी टेम्पोत चढवायला हायड्रा, म्हणजे फिरती क्रेन, बोलावली. हुकापासून तिजोरीपर्यंतचे दोन पट्टे उभे असतील तर भार अर्धा-अर्धा, पण ते पसरून जमिनीशी 30 अंशांवर आले की प्रत्येकावर अख्ख्या तिजोरीएवढा ताण. पट्टे आखूड असले की ते असेच आडवे होतात, म्हणून ड्रायव्हरने आधी लावलेले आखूड पट्टे काढले आणि लांब पट्टे आणायला गेला, अर्धा तास गेला, आणि मी उगाच कुरकुरत होतो.