स्वतःच्या गाडीवर लाल-निळा दिवा लावता येतो का? रेस्क्यूवाले, डॉक्टर, आपदा मित्र यांच्यासाठी नियम, परवानगी आणि कागदपत्रं

दर पावसाळ्यात आमच्या रेस्क्यू ग्रुपमध्ये कोणीतरी नवीन पोरगा हा प्रश्न विचारतोच, की दादा आपण लोकांचे जीव वाचवायला जातो तर गाडीवर फ्लॅशर लावायला परवानगी कुठे मिळते, फॉर्म कुठला, आरटीओत जायचं की कलेक्टर ऑफिसला. दरवेळी तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

उत्तर आधी सांगतो. खासगी गाडीला असा दिवा मिळत नाही. त्यासाठी फॉर्मच नाहीये, त्यामुळे कोणी एजंट "करून देतो साहेब, इतके लागतील" म्हणाला तर त्याला चहा पाजा आणि निघा.

पण थांबा, गोष्ट इथे संपत नाही, कारण काही गाड्यांना दिवा मिळतो आणि संस्थेने नीट मार्ग धरला तर तुमच्या ग्रुपच्या गाडीलाही मिळू शकतो. फक्त तो माणसाला मिळत नाही, गाडीला मिळतो, आणि तोही गाडी त्या कामावर असेपर्यंतच. एवढं एक वाक्य लक्षात राहिलं तरी अर्धे वाद मिटतात.

नियम नेमका काय आहे

सगळा खेळ केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १०८ चा आहे (अ‍ॅम्ब्युलन्सचा फोन पण १०८, हा निव्वळ योगायोग). मूळ गोष्ट साधी, कुठल्याही गाडीने पुढच्या बाजूला लाल लाइट दाखवायचा नाही आणि मागच्या बाजूला लाल सोडून दुसरा दाखवायचा नाही. इंडिकेटर, रिव्हर्सचा पांढरा लाइट, नंबर प्लेटवरचा लाइट ही नेहमीची सूट सोडली तर बाकी बंद. आता इथे एक पळवाट लोक काढतात ती म्हणजे "मी छतावर नाही लावला, ग्रिलच्या आत लावलाय". अहो नियम छताबद्दल बोलतच नाही, पुढून लाल दिसतोय का एवढंच बघतो, ग्रिलमध्ये लावा नाहीतर डॅशबोर्डवर ठेवा, दिसला की झालं.

आधी यात मंत्री, मोठे अधिकारी वगैरेंसाठी सूट होती आणि तिचा इतका धुमाकूळ झाला की प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. डिसेंबर २०१३ मध्ये कोर्टाने लाल दिवा फक्त उच्च घटनात्मक पदांपुरता ठेवायला सांगितलं. मग एप्रिल २०१७ मध्ये केंद्राने ठरवलं की तेही नको, आणि १ मे २०१७ पासून व्हीआयपी दिवा पूर्ण बंद. राष्ट्रपतींपासून सरपंचापर्यंत कोणालाच नाही. म्हणजे ज्याच्या गाडीचा दिवा बघून तुम्हाला वाटायचं की आपल्याला पण पाहिजे, त्याचाच गेला.

राहिलं काय, तर इमर्जन्सी आणि आपत्तीच्या कामासाठी नेमलेल्या गाड्या. त्यांना लाल, निळा आणि पांढरा असा मिश्र दिवा चालतो, तोही ठरलेल्या ड्युटीवर असतानाच. कामं तीन प्रकारची धरली आहेत. एक आग विझवणं, दोन पोलीस, सैन्य किंवा निमलष्करी दलाचं कायदा सुव्यवस्थेचं काम, आणि तीन आपत्ती व्यवस्थापन म्हणजे पूर, भूकंप, दरड, चक्रीवादळ, त्सुनामी, शिवाय केमिकल किंवा अणू वगैरे मानवी चुकीने होणारे प्रकार. अशा गाडीच्या पुढच्या काचेवर परिवहन विभागाचा स्टिकर लागतो आणि कोणाकोणाला ही परवानगी दिली ते विभागाने दरवर्षी जाहीर नोटीस काढून सांगायचं असतं. अ‍ॅम्ब्युलन्सचं वेगळं, तिला त्याच नियमात ब्लिंकर दिव्याची स्वतंत्र सूट आहे.

यात शब्द आहे "नेमलेली गाडी". त्यामुळे पोलीस भाऊ स्वतःच्या गाडीने घरी चाललेत तर त्या गाडीलाही दिवा नाही. २०२४ मध्ये पुण्यात एका प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याच्या खासगी गाडीवरच्या दिव्याचं प्रकरण किती गाजलं ते सगळ्यांनी बघितलंच, तिथे माणूस सरकारी होता पण गाडी खासगी होती.

मग हे डोक्यात येतं कुठून

यूट्यूबवरून, दुसरं काय. अमेरिकेत काही राज्यांमध्ये स्वयंसेवक फायरमनला स्वतःच्या गाडीवर दिवा लावता येतो, न्यूयॉर्क राज्यात फायरवाल्याला निळा आणि अ‍ॅम्ब्युलन्सच्या स्वयंसेवकाला हिरवा. तिथेही चीफचं लेखी पत्र लागतं, आणि गंमत म्हणजे त्या दिव्याने सिग्नल तोडायचा हक्क मिळत नाही, लोकांनी सौजन्य म्हणून वाट द्यावी एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे ती पद्धतच नाही. कायदा पास होऊन आली तर बघू, तोपर्यंत ते व्हिडिओ बघून कार्टमध्ये फ्लॅशर टाकू नका.

आमच्यातल्याच एकाने टाकला होता. चुंबकवाला, खाली रबराचं पॅड, वायरला लायटरच्या सॉकेटची पिन, तीनशे ग्रॅमचा असेल नसेल. रात्री अकराला घाटातून कॉल आला, डिक्कीत दोर, हार्नेस, स्ट्रेचर सगळं होतं आणि हा पठ्ठ्या खिडकीतून हात काढून तो दिवा छतावर चिकटवून निघाला. नाक्यावर हवालदारसाहेबांनी हात केला. पहिला प्रश्न, "साहेब, कुठल्या खात्यात?" हा म्हणाला खात्यात नाही, रेस्क्यूला चाललोय. दुसरा प्रश्न, "मग हे कशाला?" त्यानंतर गाडी बाजूला, कागद दाखवा, डिक्की उघडा, साहेबांना फोन. मी त्याच्या मागून पंधरा मिनिटांनी साध्या गाडीने निघालो होतो, मी पुढे जाऊन पोचलो आणि हा अजून नाक्यावरच. हवालदारांचं काही चुकलं असं मला वाटत नाही, रात्री अकराला लाल-निळा दिवा लावून फिरणारी खासगी गाडी त्यांनी नाही थांबवायची तर कोणी थांबवायची.

पकडलं तर काय लागतं

कुठलं कलम लावायचं हे समोरच्या अधिकाऱ्यावर आणि तुम्ही नक्की काय केलंय त्यावर आहे. मोटार वाहन कायद्याचं साधं कलम १७७ लावलं तर पहिल्यांदा ५०० आणि नंतर १,५०० रुपये. पण वायरिंग करून कायमचा बसवला असेल तर तो गाडीतला बदल धरला जाऊ शकतो, तिथे कलम १८२अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. सोबत सायरन पण असेल तर विषय वाढला, कारण आवाजाचे नियम मोडल्याबद्दल कलम १९०(२) मध्ये १०,००० पर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद आहे आणि लायसन पण ३ महिने अडकू शकतं. आणि दिवा लावून कोणी पोलीस असल्यासारखं गाड्या थांबवायला, हुकूम सोडायला लागला तर मग तोतयेगिरी, भारतीय न्याय संहिता कलम २०४, तिथे कमीत कमी ६ महिने. तेव्हा मजा म्हणून सुद्धा नको.

सायरनबद्दल पण एक ओळ. नियम ११९ मध्ये अ‍ॅम्ब्युलन्स, फायरच्या गाड्या, पोलीस आणि अजून एकदोन प्रकारांनाच वेगळा आवाज वापरता येतो, तोही जिथे गाडी ठेवली जाते तिथल्या नोंदणी अधिकाऱ्याने मंजूर केलेला. बाकीच्यांनी साधा हॉर्न वाजवायचा.

डॉक्टर मंडळी, तुमच्यासाठी

ऑन कॉल डॉक्टरला पण दिवा नाही. आणि काचेवर जो लाल क्रॉस चिकटवलेला असतो ना, तोही चालत नाही. पांढऱ्यावर लाल क्रॉस हे रेडक्रॉसचं संरक्षित चिन्ह आहे, जिनिव्हा कन्व्हेन्शन्स अ‍ॅक्ट १९६० प्रमाणे सरकारच्या परवानगीशिवाय वापरणं गुन्हा आहे. हे निम्म्या डॉक्टरांना माहीत नसतं आणि सांगितलं की राग येतो. रात्री अडवलं तर मेडिकल काउन्सिलचं रजिस्ट्रेशन कार्ड आणि हॉस्पिटलचा आलेला कॉल दाखवा, काम होतं. एप्रिल २०२१ मध्ये मुंबई पोलिसांनी कोविडसाठी रंगीत स्टिकरची पद्धत काढली होती, डॉक्टरांना लाल, भाजी-किराण्याला हिरवा, बाकी अत्यावश्यक सेवांना पिवळा. बघा, तेव्हासुद्धा दिवा नाही दिला, स्टिकरच दिला.

संस्थेची गाडी करायची असेल तर

हा खरा मार्ग आहे आणि यावर कोणी वेळ घालवत नाही. अ‍ॅम्ब्युलन्ससाठी एआयएस-१२५ नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात ए, बी, सी, डी असे चार टाइप. डी म्हणजे व्हेंटिलेटरवाली अ‍ॅडव्हान्स्ड, सी बेसिक लाइफ सपोर्ट, बी पेशंट ने-आण करणारी. आणि ए टाइप म्हणजे फर्स्ट रिस्पॉन्डरची गाडी, जी पेशंट नेत नाही, पहिला उपचार घेऊन जागेवर पोचते. टू-व्हीलर पण यात येऊ शकते, २०१७ मध्ये मुंबईत १०८ च्या बाइक अ‍ॅम्ब्युलन्स सुरू झाल्या त्या आठवा. रेस्क्यू ग्रुपला नेमकं हेच पाहिजे असतं, पण सगळे धावतात मोठी व्हॅन घ्यायला.

नवीन गाडी घेऊन नोंदणी करायची तर फॉर्म २० म्हणजे नोंदणीचा अर्ज, फॉर्म २१ डीलरचं विक्रीपत्र, फॉर्म २२ कंपनीचं रोडवर्दी सर्टिफिकेट (गाडी रस्त्यावर चालवायच्या लायक आहे असं), आणि बॉडी दुसरीकडे बांधली असेल तर २२अ. इन्शुरन्स, पत्त्याचा पुरावा, पॅन, टेम्पररी नंबर घेतला असेल तर त्याचा कागद. गाडी ट्रस्टच्या नावाने असेल तर ट्रस्टचं नोंदणी प्रमाणपत्र आणि ठराव लागतो, कोणी सही करायची ते त्या ठरावात नावानिशी लिहा, आमचा एकदा "अध्यक्ष किंवा सचिव" असं लिहिल्यामुळे परत आला होता आणि सचिव तेव्हा परगावी. अर्ज परिवहनच्या पोर्टलवर भरायचा, मग गाडी मोटार वाहन निरीक्षकाला दाखवायची. फिटनेस लागतो, पहिली ८ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी. परमिट मात्र लागत नाही, फक्त अ‍ॅम्ब्युलन्स म्हणून वापरात असलेल्या गाडीला मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ मध्ये सूट आहे, त्यामुळे परमिटचे पैसे कोणी मागितले तर विचारा कशाचे.

जुनी व्हॅन घेऊन आत स्ट्रेचर टाकला आणि वर दिवा ठोकला की अ‍ॅम्ब्युलन्स झाली असं होत नाही हं. कलम ५२ प्रमाणे गाडीत बदल करायला आधी आरटीओची मंजुरी पाहिजे, कर्ज असेल तर बँकेची एनओसी, इन्शुरन्स कंपनीला पण कळवायचं नाहीतर अपघात झाला की क्लेम अडकतो.

आपत्तीच्या कामाची दिव्याची परवानगी पाहिजे असेल तर ती तुम्ही थेट मागून मिळत नाही. आधी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने, म्हणजे कलेक्टर ऑफिसने, तुमची गाडी त्या कामासाठी धरली पाहिजे, मग पुढे परिवहन विभाग. त्यामुळे सुरुवात अर्जापेक्षा संस्थेची जिल्ह्याकडे नोंद, कामाचा रेकॉर्ड, माणसांची ट्रेनिंग सर्टिफिकेटं यांनी करा. आणि उलटंही होऊ शकतं, आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ६५ मध्ये प्रशासन बचावकामासाठी खासगी गाडी ताब्यात घेऊ शकतं, कलम ६६ प्रमाणे त्याची भरपाई मिळते. असा आदेश निघाला तर त्याची प्रत गाडीतच ठेवा, कारण तेव्हा गाडी कोणाच्या कामावर आहे याचा तोच पुरावा.

बाकी आपण साध्या गाडीवाल्यांनी काय करायचं

आपदा मित्र (आपत्तीच्या कामासाठी सरकारने ट्रेनिंग दिलेले स्वयंसेवक) असाल तर ओळखपत्र गळ्यात, पाकिटात नाही. आरसी, लायसन, इन्शुरन्स, पीयूसी डिजिलॉकरमध्ये असले तरी चालतं. रिफ्लेक्टर जॅकेट अंगावर घाला, त्याला कोणाची परवानगी लागत नाही आणि अंधारात रस्त्यावर उतरल्यावर जीव त्यानेच वाचतो. हॅझर्ड लाइट चालू ठेवून पळू नका, चारही इंडिकेटर मिचकत असले की तुम्ही कुठे वळताय हे मागच्याला कळतच नाही.

घाई खरी असेल तर निघण्याआधी ११२ ला किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाच्या १०७७ ला फोन करून गाडीचा नंबर, कुठून कुठे, किती माणसं हे सांगा. नाक्यावर अडवलं तर "कंट्रोलला कळवलंय, विचारून घ्या" एवढं बोलायचं. परत येताना जखमी माणूस तुमच्याच गाडीत असेल तर घाबरू नका, मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ मध्ये मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, हॉस्पिटलला पोचवून तुम्ही निघू शकता, नाव सांगायची सक्ती पण कोणी करू शकत नाही.

त्या पठ्ठ्याचा दिवा आता आमच्या सामानाच्या पेटीत असतो. बेस कॅम्पला बॅटरीला जोडून दगडावर ठेवतो, वरून उतरणाऱ्या टीमला दिसतो लांबून.