धान्याची बेगमी

बेगमी म्हणजे वर्षभर पुरेल एवढे धान्य सुगीच्या दिवसांत एकदम घेऊन, निवडून, वाळवून घरात भरून ठेवणे. बोलताना लोक ‘वर्षाचे धान्य भरले’ असे म्हणतात. महाराष्ट्रात ही बेगमी मुख्यतः गहू, ज्वारी, तांदूळ आणि तूरडाळ यांची असते. ती होळीपासून मृगापर्यंतच्या दिवसांत उरकतात. रब्बीचा माल बाजारात आलेला असतो, ऊन कडक असते आणि पाऊस अजून लांब असतो. या तिन्ही गोष्टी एकत्र जुळणारे दुसरे दिवस वर्षात नाहीत.

बेगमी दाण्यांची करतात, पिठाची नाही. पीठ आठ-पंधरा दिवसांपुरतेच दळून आणायचे, ही मराठी घरातली जुनी रीत आहे आणि ती नुसती सवय म्हणून टिकलेली नाही.

गव्हाच्या दाण्यात बाहेर कोंडा, आत पिष्ट (स्टार्च) आणि एका टोकाला अंकुर असतो. तेल मुख्यतः त्या अंकुरात असते. दाणा अख्खा आहे तोवर हे तेल आणि त्याचे विघटन करणारी विकरे (एन्झाइम) आपापल्या जागी असतात. दळले की सगळे एकमेकांत मिसळते, त्यावर हवा लागते आणि पीठ खवट व्हायला सुरुवात होते. मैद्यातून कोंडा आणि अंकुर दोन्ही काढलेले असतात, म्हणून तो कित्येक महिने राहतो. गिरणीतून आणलेली कणीक तेवढी राहत नाही. बाजरीत तेलाचे प्रमाण गव्हाच्या दुपटीहून जास्त आहे. म्हणून बाजरीचे पीठ उन्हाळ्यात थोड्याच दिवसांत कडू होते आणि मग त्याची भाकरी कितीही तूप लावले तरी घशाखाली उतरत नाही.

ज्वारीचे दुखणे वेगळे. तिचे पीठ कडू होण्याआधी त्याची ‘विरी’ जाते. विरी म्हणजे पिठाला धरून ठेवणारा चिकटपणा. गव्हातले ग्लुटेन ज्वारीत नाही, त्यामुळे भाकरीचा सगळा भार या विरीवर असतो. विरी गेलेल्या पिठाची भाकरी थापतानाच कडेने चिरत जाते, परातीतून उचलताना मधोमध तुटते आणि तव्यावर गेलीच तर फुगत नाही. अशा वेळी पीठ उकळत्या पाण्यात भिजवतात. गरम पाण्याने पिष्ट फुलते आणि पीठ पुन्हा हाताला येते. ती भाकरी खाण्याजोगी होते, पण ताज्या दळणाची चव तिला येत नाही.

खरेदी

चौघांच्या घरात रोज सोळा पोळ्या होत असतील आणि एका पोळीला ३० ग्रॅम कणीक लागत असेल, तर दिवसाला जवळजवळ अर्धा किलो आणि वर्षाला सुमारे १७५ किलो गहू लागतो. म्हणजे ५० किलोची साडेतीन पोती. भाकरी रोजची असेल तर गहू कमी आणि ज्वारी जास्त. हा हिशेब घरातली बाई तोंडी करते आणि तो सहसा चुकत नाही.

शहरात हे धान्य भुसार बाजारातून, म्हणजे पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डातून किंवा नवी मुंबईच्या वाशी बाजारातून, नाहीतर ओळखीच्या शेतकऱ्याकडून येते. ज्वारीत सोलापूरकडची मालदांडी नावाजलेली. ‘मालदांडी ३५-१’ हा वाण मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडीने तयार झाला आणि आजही रब्बीच्या कोरडवाहू रानात तो पेरला जातो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गव्हात ‘लोकवन’ हे नाव घरोघरी आहे. हा मुळात ‘लोक-१’ वाण. गुजरातेतल्या सणोसरा येथील लोकभारती संस्थेत तो तयार झाला आणि ‘लोक-वन’चे बोलता बोलता लोकवन झाले. मध्य प्रदेशातल्या सिहोरचा शरबती महाग असतो, पोळी मऊ राहते. खपली गव्हाचे टरफल दाण्याला घट्ट चिकटलेले असते, ते कांडून काढावे लागते. खीर आणि पुरणपोळीसाठी तो मुद्दाम घेतात.

नावावर जाऊन चार पोती उचलू नयेत. आधी दोन किलो नमुना आणावा, दळावा, सकाळी पोळ्या कराव्यात आणि त्यातली एक संध्याकाळपर्यंत डब्यात ठेवून पाहावी. दाणा ओला आहे का हे दातच सांगतात: वाळलेला दाणा दाताखाली कट्कन फुटतो, ओला दबतो. साठवणीच्या गव्हा-ज्वारीत १२ टक्क्यांहून जास्त ओल असू नये, असे शास्त्र सांगते आणि दाताची परीक्षा त्याच्या बरीच जवळ जाते.

पूर्वी हा व्यवहार मापाने चाले. चार शेरांची पायली, मण कुठे बारा पायल्यांचा तर कुठे सोळा, आणि वीस मणांची खंडी. माप टाकताना पहिल्या पायलीला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायचे आणि मग दोन, तीन मोजायचे. किलो आल्यावर पायली बाजारातून गेली, तरी गावाकडच्या म्हाताऱ्या अजून ‘दोन पायल्या दळण’ म्हणतात. कराचाही एक धागा आज या खरेदीत आला आहे. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या आवेष्टित आणि लेबल लावलेल्या धान्यावर व पिठावर ५ टक्के जीएसटी लागू झाला. त्याहून मोठे पोते त्यातून सुटले.

साठवणीची भांडी

कणगी ही सगळ्यांच्या ओळखीची. बांबूच्या किंवा तुराट्यांच्या कामट्यांची उभट, पोटाशी फुगलेली विणलेली टोपली. तिला आतून-बाहेरून शेणामातीचा लेप देऊन खडखडीत वाळवतात. बुडाजवळ मुठीएवढे भोक ठेवून त्यात चिंधीचा बोळा बसवतात. धान्य वरून भरायचे आणि खालून काढायचे, म्हणजे आधी भरलेले आधी संपते. मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यांत जाड भिंतीतच धान्याची खोली काढलेली असे, तिला बळद म्हणतात. दक्षिण कोकणात आणि गोव्यात तांदूळ भाताच्या पेंढ्यात गच्च आवळून मुडा बांधत.

या सगळ्यांत विचाराने सर्वात पुढचे पेव. मुरमाड, पाणी न धरणाऱ्या जमिनीत खोल खड्डा घ्यायचा. तोंड माणूस उतरेल एवढेच, आत पोट रुंद. तळाला आणि कडांना कडब्याचा थर देऊन ज्वारी भरायची, वर दगड ठेवून माती लिंपायची. बंद पेवात दाणे आणि किडे दोघेही श्वसन करत राहतात. प्राणवायू संपतो, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि किडे मरतात. कडेची ज्वारी काळपट होते, कुबट वास धरते, पण मधली वर्षानुवर्षे राहते. दुष्काळी मुलखात पेव भरलेले असणे म्हणजे पुढच्या साली जगण्याची हमी होती. १९७२ च्या दुष्काळात रेशनवरची तांबडी मिलो ज्वारी रांगेत उभे राहून आणावी लागली, तेव्हा घरच्या ज्वारीची किंमत ज्यांना कळली त्यांनी ती पुढे कधी विसरली नाही.

जो वायू किडे मारतो तोच माणसालाही मारतो. पेव उघडल्याबरोबर आत उतरून गुदमरून मेलेल्यांच्या हकिकती पेवांच्या मुलखात सगळीकडे ऐकायला मिळतात. म्हणून तोंड उघडून बराच वेळ थांबायचे, दोरीने पेटता कंदील खाली सोडायचा आणि तो विझला तर कोणी उतरायचे नाही, हा नियम जुना आहे. सांगलीजवळच्या हरिपुरात हळदीची पेवे प्रसिद्ध होती. २००५ च्या महापुरात त्यांत पाणी शिरले आणि फार नुकसान झाले.

आज घराघरांत पत्र्याची कोठी किंवा स्टीलचे पिंप असते. गुणाने ते पेवाचेच लहान रूप, फक्त झाकण घट्ट हवे. भांडे काठोकाठ भरावे. अर्ध्या पिंपात हवा फार राहते आणि हवा असेल तिथे किडे जगतात. हवाबंद जाड प्लास्टिक पिशव्याही याच तत्त्वावर चालतात.

कीड

‘एप्रिलमध्ये निवडले तेव्हा एकही किडा नव्हता, आषाढात कुठून आले?’ हा प्रश्न दरवर्षी विचारला जातो. ते आतच होते. सोंडकिड्याची मादी सोंडेने दाण्याला बारीक भोक पाडते, आत अंडे घालते आणि चिकट स्रावाने भोक बुजवते. अळी दाण्याच्या आतच वाढते आणि उबदार दमट हवेत साधारण महिन्याभरात दाणा पोखरून सोंडा बाहेर येतो. डोळ्यांना हे अंडे दिसत नाही, त्यामुळे निवडण्याने ते जात नाही. कडक ऊन, कोरडेपणा आणि हवाबंदी एवढेच त्याच्यावर चालते. गहू-ज्वारी दोन-तीन दिवस गच्चीवर पातळ पसरून तापवावी, मात्र गरम असताना कोठीत भरू नये. रात्रभर निवू द्यावी, नाहीतर आत घाम धरतो. तांदूळ उन्हात घालत नाहीत, कारण तो तडकतो आणि त्याची कणी होते.

कडुनिंबाचा सावलीत वाळवलेला पाला, बिब्बे, डाळीला राख, गव्हाला एरंडेलाचा हात हे उपाय पिढ्यान्‌पिढ्यांचे आहेत. एरंडेल दाण्याला जेमतेम चमक येईल एवढेच चोळावे. बोरिक पावडर लावलेले तांदूळ लोक धुऊन खातात, पण बोरिक आम्ल हे खाण्यात घालायचे द्रव्य नाही आणि ते सोडून द्यावे हे बरे. पाऱ्याच्या टिकड्यांचेही तेच. पारा विषारी आहे आणि त्याची वाफ बंद डब्यात साचते. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या तर घरात आणूच नयेत. हवेतल्या ओलीने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो आणि धान्याच्या खोलीत झोपलेली माणसे त्याने दगावली आहेत. या गोळ्या वापरायची परवानगी फक्त प्रशिक्षित लोकांना आहे.

दळण

महिन्यातून दोन-तीनदा कोठीतून धान्य काढून गिरणीवर टाकतात. जाणती गिऱ्हाईक डबा ठेवताना ‘गव्हावर गहूच टाका’ असे बजावते, कारण आधी ज्वारी चालू असेल तर पाळ्यांमध्ये राहिलेले पीठ आपल्या कणकेत उतरते आणि पोळी भुगभुगीत होते. दळण घरी येते तेव्हा डबा हाताला ऊन लागतो. त्याचे झाकण काढून पीठ परातीत किंवा स्वच्छ कापडावर पसरावे, निवले की भरावे. तसेच बंद ठेवले तर झाकणाला आतून थेंब जमतात, ते पिठात पडून गुठळ्या होतात आणि तिथूनच जाळी धरायला लागते. नवे पीठ जुन्याच्या डोक्यावर ओतू नये. डबा रिकामा करून कोरड्या फडक्याने पुसून मगच भरावा. आता घरघंटी आलेल्या घरांत चार दिवसांचेच पीठ काढतात, त्यांना हा ताप नाही.

पावासाठी

घरी पाव भाजणाऱ्यांनीही गहू साठवावा आणि कणीक ताजी दळावी. खपलीचा पाव करणाऱ्यांना तर टरफल काढलेला खपली गहू घेऊन ठेवणेच सोयीचे. मैदा मात्र पोत्याने घेता येतो, महिनोन्महिने राहतो. परदेशातल्या मराठी घरांत कोठी नसते, गिरणी नसते, आट्याची ९-१० किलोची पिशवी येते. तिथे फ्रीजर हेच पेव. पिठाची पिशवी उणे १८ अंशांवर चार-पाच दिवस ठेवली की आतली अंडीही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये. ती खोलीच्या उबेला येईपर्यंत, म्हणजे निदान रात्रभर, बंदच असू द्यावी. नाहीतर बाहेरच्या हवेची ओल थंड पिठावर बसते.