केमो + रेडिएशन एकत्र: गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची पार्श्वभूमी

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला रेडियमच्या नळ्या आत ठेवायची पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनची, मग बाहेरून किरणं देणारी कोबाल्टची मशीन्स आली, आणि कित्येक दशकं रेडिएशन हाच मुख्य इलाज राहिला. सत्तरच्या दशकात जोडीला हायड्रॉक्सीयुरिया या केमोच्या गोळ्या देऊन पाहिल्या, अमेरिकेत काही ठिकाणी तेच रूटीन झालं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

फेब्रुवारी १९९९ मध्ये अमेरिकेच्या सरकारी कॅन्सर संस्थेने डॉक्टरांसाठी थेट सूचनाच काढली की रेडिएशन द्यायचं असेल तर सोबत सिस्प्लॅटिनवाली केमो द्यायचा विचार करा, कारण पाच मोठ्या ट्रायल्समध्ये मृत्यूचा धोका ३० ते ५० टक्के कमी झाला होता. पाचही ट्रायल्स एकाच दिशेने म्हटल्यावर कोण थांबणार! पण तुलना कशाशी केली ते बघा ना. दोन ट्रायल्समध्ये समोरच्या गटाला नुसतं रेडिएशन नव्हतंच, त्यांना हायड्रॉक्सीयुरिया चालू होतं, ज्याने रक्तपेशी घटतात. एकीत पेशंट आधीच ऑपरेशन झालेले, अजून एकीत रेडिएशननंतर सगळ्यांची गर्भाशय काढायची सर्जरी. म्हणजे साधा प्रश्न, की नुसतं नेहमीचं पेल्विक (ओटीपोटाचं) रेडिएशन विरुद्ध तेच अधिक सिस्प्लॅटिन, तो या पाचांत सरळ विचारलाच नव्हता. तो कॅनडाने विचारला, २००२ मध्ये उत्तर आलं, पाच वर्षांनी जिवंत सिस्प्लॅटिनसह ६२, नुसत्या रेडिएशनला ५८ टक्के, फरक सिद्ध झाला नाही.

२००८ मध्ये १८ ट्रायल्सचा डेटा एकत्र केला, त्यातल्या १३ वरून पाच वर्षांनी जिवंत राहण्यात एकूण फायदा ६ टक्के निघाला, पहिली ते २ए स्टेजला १०, २बीला ७, तिसरी आणि ४ए (मूत्राशयात किंवा गुदाशयात शिरलेली) मिळून जेमतेम ३. आणि आपल्याकडे बऱ्याच बायका येतात त्या तिसऱ्या स्टेजलाच, अंगावर काढून काढून. ३बी म्हणजे गाठ ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत किंवा मूत्रवाहिनी दाबून किडनी फुगलेली, आणि सिस्प्लॅटिन नेमकं किडनीला जड. एचबी कमी, क्रिएटिनिन वाढलेलं (म्हणजे किडनी कमी चालतेय), अशा बाईला अमेरिकेतल्या आकड्यांवर केमो चढवायची का? माझ्या मते ही शंका अगदी रास्त होती, मागासलेपणा नव्हता.

मुंबईतल्या एका मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलने २००३ पासून फक्त ३बीच्या ८५० बायका घेऊन हेच तपासलं, आठवड्याला ४० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर सिस्प्लॅटिन, समोर नुसतं रेडिएशन. १९९९ नंतर नुसत्या रेडिएशनचा गट ठेवावा का असं कुणीही विचारेल, पण त्याशिवाय उत्तर मिळालंच नसतं. निकाल छापून आला २०१८ ला: पाच वर्षांनी ५४ विरुद्ध ४६ टक्के जिवंत. सूचनेनंतर जवळपास वीस वर्षांनी.

आता २०२४ मध्ये दोन नव्या गोष्टी आल्या. केमोरेडिएशनआधी सहा आठवडे कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेल ही केमो दिली तर पाच वर्षांनी जिवंत ८० टक्के, नुसत्या केमोरेडिएशनला ७२, आणि दुसरीकडे केमोरेडिएशनसोबत इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरविरुद्ध लढायला लावणारं औषध), जिचा खर्च आपल्या बहुतेक घरांना झेपणारा नाही. पहिलीतली औषधं स्वस्त आहेत, पण त्या ट्रायलमधल्या बहुतेक बायका दुसऱ्या स्टेजच्या, त्यामुळे ३बीला ते कितपत लागू, हा वाद परत सुरू आहे.