बिनतारी सीसीटीव्ही: आधी लहरींची वाट तपासा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा हंगाम भरात आला की गोदामांतील पोत्यांच्या थप्प्या छताच्या पत्र्याला टेकू लागतात. रिकाम्या गोदामात उत्तम चाललेला बिनतारी कॅमेरा त्यानंतर अडखळू लागला, तर त्यात कॅमेऱ्याचा दोष क्वचितच असतो; त्याच्या आणि राउटरच्या मधली वाट मालाने बुजलेली असते. व्यापारी असोत वा शहरातील विश्रामबाग भागातल्या एखाद्या सोसायटीचे पदाधिकारी, यंत्रणा घेताना पहिला प्रश्न मेगापिक्सेलचा विचारला जातो. माझ्या मते तो प्रश्न बराच नंतरचा आहे. कॅमेऱ्याने टिपलेले चित्र रेकॉर्डरपर्यंत अखंड पोहोचेल का, हे आधी ठरले पाहिजे.

बहुतेक बिनतारी कॅमेरे वाय-फायच्या 2.4 किंवा 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. भारतात पहिला पट्टा 2005 पासून आणि दुसऱ्याचा मोठा भाग 2018 पासून परवान्याशिवाय वापरता येतो, त्यामुळे तेथे गर्दीही सर्वांचीच असते. 2.4 गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारी केवळ तीन चॅनेल (पट्ट्याचे उपविभाग) मिळतात: 1, 6 आणि 11. लागून गाळे असलेल्या रांगेत प्रत्येकाचा राउटर याच तिन्हींत दाटीवाटीने बसतो. 5 गिगाहर्ट्झमध्ये जागा ऐसपैस आहे, पण तेथील सिग्नल भिंतीतून जाताना अधिक क्षीण होतो. धातूचा पत्रा तर दोन्ही लहरी परतवून लावतो. तासगाव परिसरातील बेदाणा ज्या शीतगृहांत ठेवतात, त्यांपैकी ज्यांच्या भिंती दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या पॅनेलच्या असतात, तेथे दार लागताच आतला सिग्नल जवळपास संपतो. अशा ठिकाणी केबलला पर्याय नाही.

उघड्यावर दोन इमारती जोडताना आणखी एक गोष्ट नजरेतून सुटते. समोरचा अँटेना डोळ्यांना दिसतो म्हणजे वाट मोकळी आहे, असे होत नाही. लहरी एका रेषेत न जाता दोन्ही टोकांना निमुळत्या आणि मध्ये फुगीर अशा पट्ट्यातून जातात. त्याला फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत 500 मीटर अंतरावरच्या दोन शेडमध्ये 5.8 गिगाहर्ट्झचा दुवा जोडला, तर मध्यावर या पट्ट्याची त्रिज्या सुमारे अडीच मीटर भरते आणि त्रिज्येचा किमान 60 टक्के भाग मोकळा असावा लागतो. मे महिन्यात जोडलेला दुवा ऑगस्टमध्ये तुटू लागतो तो यामुळेच: उन्हाळ्यात विरळ असलेले झाड पावसाळ्यात पानांनी भरते, आणि भिजलेली पाने या लहरी मोठ्या प्रमाणात शोषून घेतात. म्हणून खांबाची उंची भर पावसाळ्यातील झाड लक्षात घेऊन ठरवावी.

राउटरच्या खोक्यावर 300 एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) लिहिलेले असते, पण प्रत्यक्ष उपयोगाचा वेग निम्मा किंवा त्याहूनही कमी मिळतो. एका चॅनेलवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकते. लांबच्या कोपऱ्यातील दुबळ्या सिग्नलच्या कॅमेऱ्याला तेवढीच माहिती पाठवायला जास्त वेळ लागतो आणि तोवर बाकीचे थांबून राहतात. एक चुकीच्या जागचा कॅमेरा साऱ्या यंत्रणेची गती ओढतो. त्यावर उपाय म्हणून एकाच रेडिओचा रिपीटर (सिग्नल पुढे पाठवणारे उपकरण) लावला, तर प्रत्येक टप्प्याला क्षमता साधारण निम्म्यावर येते. त्यामुळे मला सर्वांत भरवशाची वाटणारी रचना मिश्र आहे: प्रत्येक इमारतीतील कॅमेरे केबलने एका नेटवर्क स्विचला (अनेक केबल एकत्र जोडणाऱ्या उपकरणाला) जोडावेत आणि इमारती-इमारतींमध्ये, जेथे रस्ता खोदणे शक्य नाही तेथेच, समोरासमोरच्या दिशादर्शी अँटेनांचा बिनतारी दुवा ठेवावा.

साठवणुकीचा हिशेब खरेदीपूर्वीच कागदावर करता येतो. 4 एमबीपीएसने सतत चित्रण करणारा एक कॅमेरा दिवसाला सुमारे 43 जीबी माहिती निर्माण करतो. आठ कॅमेऱ्यांचे 30 दिवसांचे चित्रण 10 टीबीच्या पुढे जाते. एच.265 पद्धतीने आकुंचन केल्यास जुन्या एच.264 च्या तुलनेत ही गरज जवळपास निम्म्यावर येऊ शकते.

आता मेगापिक्सेल. अनोळखी व्यक्तीचा चेहरा खात्रीने ओळखण्यासाठी दृश्याच्या दर मीटर रुंदीला सुमारे 250 पिक्सेल लागतात, असे 2014 चे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. 1920 पिक्सेल रुंदीचा कॅमेरा म्हणजे जेमतेम पावणेआठ मीटरचे दृश्य. 110 अंशांच्या रुंद भिंगातून दहा मीटरवर 28 मीटरहून रुंद दृश्य दिसते आणि मीटरला 67 च्या आसपास पिक्सेल उरतात. कोणीतरी आले एवढे कळते, कोण आले ते नाही. फाटकावर अरुंद भिंगाचा कॅमेरा आणि आवारासाठी रुंद भिंगाचा, अशी विभागणी म्हणूनच आवश्यक ठरते. त्याच वेळी शेजाऱ्याच्या खिडक्या चौकटीत येत असतील, तर तेवढा भाग झाकण्याची सोय बहुतेक रेकॉर्डरमध्ये असते आणि ती वापरलीच पाहिजे.

बिनतारी कॅमेऱ्यालाही वीज लागते. भारनियमनात कॅमेऱ्याबरोबर स्विच, राउटर आणि दुव्याचे दोन्ही अँटेना बॅटरीवर चालले, तरच चित्रण सुरू राहते. कॅमेऱ्यात मेमरी कार्डही असावे, कारण कोणी मुद्दाम सिग्नल अडवला तरी त्या वेळेचे चित्रण त्यावर राहते. 2016 मध्ये मिराई नावाच्या घातक संगणक प्रणालीने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे ताब्यात घेतले होते. त्यामुळे बसवणाऱ्याने ठेवलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा आणि यंत्रणा वाय-फायच्या डब्ल्यूपीए2 किंवा डब्ल्यूपीए3 या सुरक्षा पद्धतीवरच चालवावी.

ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या बाजारपेठांत शिरले होते. पूररेषेच्या आसपास ज्यांची दुकाने वा सोसायट्या आहेत, त्यांनी रेकॉर्डर आणि बॅटरी तळमजल्यावर ठेवू नयेत, एवढी साधी गोष्ट खरेदीच्या करारातच लिहून घ्यावी.

फुटेज पुढे पुरावा ठरू शकते, म्हणून रेकॉर्डरचे घड्याळही तपासत राहावे. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार फुटेज न्यायालयात सादर करताना प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलमधील माहितीवरून गणिताने काढलेली तिची ओळखखूण, नोंदवायचे असते. एक बिट बदलला तरी हे मूल्य बदलते, म्हणून घटनेनंतर मूळ फाइल कापाकापी न करता उतरवून घ्यावी आणि हॅश तेव्हाच काढून ठेवावा. मोबाइलवर पडद्याचे केलेले चित्रण मूळ फाइलच्या जागी चालत नाही.