हिमाचलात गळ आणि तंबू घेऊन जायचंय? मराठवाड्यातून निघण्याआधी काढायचे परवाने आणि जमवायची कागदपत्रं

माजलगाव, विष्णुपुरी किंवा सिद्धेश्वरच्या काठावर हौसेने गळ टाकणाऱ्याला परवानगीचा एकच प्रकार माहीत असतो. धरण ज्या मच्छीमार सोसायटीच्या ठेक्यात आहे, तिच्या माणसाला विचारायचं आणि तो हो म्हणाला की बसायचं. हिमाचल प्रदेशात ट्राऊट या थंड पाण्यातल्या माशाच्या नद्यांवर हा हिशोब चालत नाही. तिथे राज्याच्या मत्स्य विभागाचा परवाना लागतो आणि तो तीन गोष्टींना बांधलेला असतो: कोणाचं नाव, कोणती नदी, कोणती तारीख. कुल्लू जिल्ह्यातल्या तीर्थन नदीसाठी काढलेली पावती किन्नौरमधल्या बास्पा नदीवर दाखवून उपयोग नाही. त्यामुळे चार ठिकाणी थांबायची सहल असेल तर आधी नद्या ठरवा, त्यांच्या चालू-बंदच्या तारखा बघा आणि मग रजेचा अर्ज टाका. आपल्याकडे बहुतेक जण नेमकं उलटं करतात.

आधी तारखा

ट्राऊटच्या पाण्यात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर मासेमारी बंद असते, कारण त्या थंडीत मासा अंडी घालतो. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीचा बेत बऱ्याच वर्षी बादच समजा. २०२६ची दिवाळी ८ नोव्हेंबरला आहे, तेव्हा तर प्रश्नच मिटला. बाकीच्या सर्वसाधारण पाण्यात, म्हणजे महाशीर, रोहू वगैरे मिळतात त्या खालच्या नद्या आणि जलाशयांत, १६ जून ते १५ ऑगस्ट बंदी असते.

मे महिना कागदावर मोकळा दिसतो आणि शाळांना सुट्टीही असते. पण मे मध्यापासून वरचा बर्फ जोरात वितळतो, नद्या फुगतात, पाणी गढूळ होतं आणि गढूळ पाण्यात ट्राऊट गळाकडे ढुंकूनही बघत नाही. जुलै-ऑगस्टचा विचारच करू नका. जुलै २०२३च्या पुरात कुल्लू-मंडी भागातले रस्ते, पूल कसे वाहून गेले ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं आहे. उरले दोन काळ: मार्चअखेर ते मेचा पहिला आठवडा आणि मग सप्टेंबर मध्य ते ऑक्टोबरअखेर. शेतकऱ्याला पहिला काळ सोयीचा. हरभरा-गहू घरात आलेला असतो आणि मृगाची पेरणी लांब असते. ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी सोडून कोण जाणार? फक्त एप्रिलमध्ये जाताना तीर्थनहून सतलजकडे नेणारी जलोडी खिंड उघडली आहे का, हे निघायच्या आदल्या दिवशी विचारून घ्या. हिवाळ्यात ती बर्फाने बंद असते.

रस्ता आणि थांबे

आपल्या दारातला राष्ट्रीय महामार्ग ५२, म्हणजे तुळजापूर, धाराशिव, बीड, छत्रपती संभाजीनगर, कन्नड, धुळे करत जाणारा रस्ता, पुढे इंदूर, कोटा, जयपूर, हिसार करत थेट पंजाबातल्या संगरूरपर्यंत जातो. तिथून पतियाळा, रोपड, किरतपूर, बिलासपूर, मंडी आणि मग औट. औटच्या बोगद्याआधी उजवीकडे वळलं की लारजी, बंजार आणि तीर्थनचं खोरं. संभाजीनगरहून इथवर सतराशे-अठराशे किलोमीटर धरा. या रस्त्याचा आणखी एक फायदा म्हणजे दिल्ली टळते. जुन्या डिझेल गाड्यांवर दिल्लीत निर्बंध आहेत आणि आपल्याकडच्या कितीतरी बोलेरो, टवेरा त्यात अडकतात.

तिथून पुढचा फेरा असा बसतो: तीर्थन, मग जलोडी खिंड ओलांडून आनीमार्गे सतलजच्या काठी, रामपूर, करछमला वळून सांगला म्हणजे बास्पा नदी, आणि परतताना नारकंडा, खडापत्थर, हाटकोटी करत रोहडूला पब्बर नदी. तीन नद्या, तीन जिल्हे (कुल्लू, किन्नौर, शिमला) आणि तीन वेगळे परवाने. वेळ असेल तर जाताना मंडी जिल्ह्यातल्या बरोटला ऊहल नदीही जोडता येते, पण मग दिवस वाढवा; डोंगरात शंभर किलोमीटरला चार तास सहज जातात.

मासेमारीचा परवाना

पात्रतेची मोठी अट नाही. परराज्यातला पर्यटकही अर्ज करू शकतो, परीक्षा नाही, शिफारस नाही. मत्स्य विभागाचं मुख्यालय बिलासपूरला आहे, पण तिथे थांबायची गरज नाही. परवाना स्थानिक पातळीवर मिळतो. बंजार भागात हामनी, तसंच बरोट, सांगला आणि रोहडूकडे धमवाडी इथे सरकारी ट्राऊट फार्म आहेत. तिथे किंवा जवळच्या मत्स्य कार्यालयात चौकशी करा. ही कार्यालयं दहा ते पाच चालतात आणि सुट्टीला बंद असतात. शनिवारी संध्याकाळी पोचून रविवारी पहाटे गळ टाकायचा बेत इथेच फसतो. मुक्कामाच्या होमस्टेवाल्याला चार दिवस आधी फोन करून ओळखपत्राची प्रत पाठवली तर तो बहुधा कागद तयार ठेवतो. मात्र पावती स्वतःच्या हातात घ्या आणि तिच्यावर आपलं नाव, नदी, तारीख नीट वाचा. ‘साहेबांना सांगून ठेवलंय’ हा परवाना नव्हे.

अर्ज हिंदीत लिहिला तरी चालतो. नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, पूर्ण पत्ता, ओळखपत्राचा क्रमांक, कोणत्या नदीवर आणि कोणत्या तारखांना, एवढं लागतं. सोबत आधार किंवा मतदार ओळखपत्राची स्वसाक्षांकित झेरॉक्स. दोन-चार पासपोर्ट फोटो खिशात ठेवा. मागितले नाहीत तर परत येतील. परवाना दुसऱ्याच्या नावावर फिरत नाही. चौघांत एकाचा परवाना आणि रॉड आळीपाळीने, हा आपला लाडका जुगाड तिथला गार्ड पहिल्याच फेरीत पकडतो.

इथे मराठवाड्याची एक खास अडचण आहे. आधारवर ‘औरंगाबाद’ आणि नव्या आरसीवर ‘छत्रपती संभाजीनगर’, किंवा एकावर ‘उस्मानाबाद’ आणि दुसऱ्यावर ‘धाराशिव’. नावं २०२३ मध्ये बदलली हे हिमाचलातल्या कारकुनाला ठाऊक असेलच असं नाही. त्यासाठी आधार बदलत बसू नका. ज्या ओळखपत्राची झेरॉक्स जोडताय, त्याच्यावर पत्ता जसा छापलाय तसाच अर्जात अक्षरशः उतरवा. पिनकोड जुळला की गाडी पुढे सरकते.

परवान्याच्या मागे अटी छापलेल्या असतात: दिवसाला किती मासे ठेवायचे, किती लांबीच्या आतला सोडून द्यायचा. त्या वाचा, मोजायला टेप ठेवा. परवाना रॉड आणि दोरीचा असतो. जाळं, ब्लिचिंग पावडर, सुरुंग, करंट हे सगळं गुन्ह्यात जमा. आपल्याकडे कणकेचा गोळा किंवा गांडूळ लावून बसायची सवय असते; तिथे स्पिनर (पाण्यात फिरणारं चकचकीत धातूचं आमिष) आणि गळाला बांधलेली कृत्रिम माशी चालते, म्हणून कणीक पोळ्यांसाठीच न्या. माझं मत विचाराल तर टोकाला उलटा काटा नसलेले हूक घ्या आणि मासा ओल्या हाताने धरून परत सोडा. खायला ट्राऊट हवा असेल तर त्याच फार्मवर विकत मिळतो. खालच्या नद्यांतला सोनेरी महाशीर जगभरात धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे; तो गळाला लागला तर फोटोसुद्धा पाण्यात ठेवूनच काढा.

तंबू कुठे लावायचा

यात सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. नदीकाठ मोकळा दिसला म्हणून तो कोणाचाच नाही असं नसतं. तो एकतर वनविभागाचा असतो, नाहीतर कोणाच्या तरी सफरचंदाच्या बागेचा. खाजगी जागेत मालकाला विचारून, शक्यतो दोन ओळी लिहून घेऊन तंबू लावा. वनजमिनीवर लावायचा असेल तर त्या भागाच्या वनविभागाच्या कार्यालयात लेखी अर्ज: किती माणसं, किती तंबू, किती रात्री, गाडीचा नंबर. हे नको असेल तर नोंदणीकृत कॅम्पसाइट घ्या, थोडे पैसे जातील पण झोप लागेल.

तीर्थनच्या वरच्या अंगाला ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान आहे. २०१४ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. गुशैणीला गाडीरस्ता सोडून पायी रोल्लाच्या दिशेने निघालं की पुढे उद्यानाची हद्द लागते. आत जायला वेगळा प्रवेश परवाना लागतो. तो बंजारजवळच्या साई रोपा किंवा कुल्लूजवळच्या शमशी इथल्या कार्यालयात मिळतो. गटातल्या प्रत्येकाचं नाव-वय, ओळखपत्राच्या प्रती, आत किती रात्री राहणार हे अर्जात लिहावं लागतं. शुल्क माणशी आणि दिवसावर असतं. वाट माहितीची नसेल तर स्थानिक वाटाड्या घ्याच. आणि हे पक्कं लक्षात ठेवा की मत्स्य विभागाचा परवाना उद्यानाच्या आत चालत नाही. हद्द सुरू झाली की रॉड पिशवीत.

काठापासून किती लांब राहायचं, याला लारजीचं उदाहरण पुरेसं आहे. ८ जून २०१४ रोजी थलौटजवळ ब्यास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी आणि त्यांच्या सहलीचा एक संयोजक, लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले.  तुम्ही तीर्थनला वळता ती जागा तिथून अगदी जवळ आहे. धरणाखालच्या पात्रात, वाळूच्या बेटावर, गोटे-दगडांच्या पट्ट्यात तंबू नको. काठावरच्या झाडांच्या मुळांत अडकलेला कचरा किती उंचीवर आहे ते बघा. पाणी तिथवर येऊन गेलेलं असतं.

एप्रिल ते जून हा तिकडच्या चीड (पाइन) वृक्षांच्या जंगलात वणव्याचा काळ. राखीव जंगलात आग पेटवणं भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली गुन्हा आहे. चुलीवरच्या भाकरीची हौस कॅम्पसाइटवाल्याच्या अंगणात भागवा. जंगलात छोटा गॅस स्टोव्हही परवानगी असेल तिथेच.

गाडीची फाईल

आरसी, विमा, पीयूसी, ड्रायव्हिंग लायसन्स आणि फास्टॅगमध्ये पैसे. डिजिलॉकर आणि एमपरिवहनमधली कागदपत्रं २०१८ च्या नियमदुरुस्तीपासून ग्राह्य आहेत, पण खोऱ्यात नेटवर्क जातं, म्हणून झेरॉक्सचा एक संच डॅशबोर्डमध्ये असू द्या. पीयूसी आणि विम्याची मुदत निघायच्या नाही, परतायच्या तारखेपर्यंत बघा. गाडी भावाच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर असेल तर साध्या कागदावर त्यांचं सहीनिशी पत्र आणि त्यांच्या ओळखपत्राची प्रत. हिमाचलच्या सीमेवर बाहेरच्या गाड्यांना प्रवेशशुल्क आहे, ती पावती जपा.

टेम्पो ट्रॅव्हलर ठरवत असाल तर मालकाकडे ऑल इंडिया टुरिस्ट परमिट आहे का, त्याची मुदत काय, हे कागद डोळ्यांनी बघून मगच इसार द्या. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने नेणं बेकायदा आहे आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. प्रवासी वाहनांत कचऱ्याचा डबा ठेवणं हिमाचलने २०२५ पासून सक्तीचं केलं आहे. ड्रायव्हरला आधी सांगून ठेवा.

मनालीपुढे लाहौलकडे जायचा मोह झाला तर अटल बोगद्यातून जायला परमिट लागत नाही. रोहतांग खिंडीवर गाडी न्यायला मात्र ऑनलाइन परमिट लागतं, रोजच्या गाड्यांची संख्या ठरलेली आहे आणि मंगळवारी रस्ता दुरुस्तीसाठी बंद असतो.

सांगला-चितकुलपर्यंत भारतीय नागरिकाला इनरलाइन परमिट (सीमेलगतच्या भागात जायची परवानगी) लागत नाही. गटात परदेशी पासपोर्टवाला भाचा किंवा जावई असेल तर त्याच्या मुक्कामाची नोंद हॉटेलवाला वेगळ्या फॉर्मवर करतो, आणि किन्नौरमधून पुढे स्पितीकडे जायचं झाल्यास त्याला रिकाँग पिओला परमिट काढावं लागतं. त्याच्या पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती वेगळ्या ठेवा.

शिक्षक आणि सरकारी नोकरांनी रजेच्या अर्जातच मुख्यालय सोडण्याची परवानगी मागावी. चितकुलला असताना तालुक्याहून ‘उद्या हजर राहा’ असा निरोप आला तर तो कागदच कामाला येतो.

घरी एका माणसाकडे मुक्कामांची यादी, गाडीचा नंबर आणि सगळ्या परवान्यांचे फोटो पाठवून ठेवा. अडचणीत ११२, आणि दरड, पूर, रस्ता बंद असल्यास जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७. हा नंबर ज्या जिल्ह्यातून लावाल तिथेच लागतो, म्हणून घरच्यांना कुल्लू, किन्नौर आणि शिमला या तिन्ही कक्षांचे एसटीडी कोडसह नंबर लिहून द्या.