हॉटेल लाईनचं मोफत ट्रेनिंग: डीडीयू-जीकेवायमध्ये कोण बसतं, कागदपत्रं काय लागतात

दहावी-बारावी झाली, पुढं शिकायला पैसे नाहीत, शेती कोरडवाहू, अशा घरातली पोरं-पोरी गावोगाव आहेत आणि हॉटेलचं काम सरकारी खर्चाने शिकता येतं हे त्यांच्यापर्यंत पोचतच नाही, म्हणून नीट लिहितोय. योजनेचं नाव दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना, इंग्रजी आद्याक्षरांवरून डीडीयू-जीकेवाय. केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाची, 2014 ची, आणि आपल्याकडं ती उमेद अभियान बघतं, तेच बचत गटांचं काम करणारे.

वय 15 ते 35. महिला, दिव्यांग, तृतीयपंथी आणि आदिम जमातीतले म्हणजे आपल्याकडचे कातकरी, कोलाम, माडिया गोंड यांना 45 पर्यंत सूट आहे. घर ग्रामीण भागातलं आणि गरीब पाहिजे, आता गरीब म्हणजे फक्त बीपीएल यादीत नाव असं नाही बरं का, इथंच बरेच जण यादीत नाव नाही म्हणून घरी बसतात. अंत्योदयचं रेशनकार्ड चालतं, आई उमेदच्या बचत गटात असेल तरी चालतं, घरातल्या कुणी मागच्या आर्थिक वर्षात रोजगार हमीवर किमान 15 दिवस काम केलं असेल तरी बसतं. शिक्षणाची अट कोर्सप्रमाणे बदलते, त्यामुळं शाळा मधेच सुटलेल्यांनी आपणच आपलं नाव कापू नका, आधी विचारा.

कागदपत्रं: आधार, रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, शेवटच्या वर्गाची मार्कशीट, जातीचा दाखला असेल तर तो, स्वतःच्या नावाचं बँक पासबुक, पासपोर्ट साईज फोटो आणि वर सांगितलेल्यापैकी जो पुरावा लागू आहे तो, म्हणजे रोजगार हमीचं जॉबकार्ड किंवा बचत गटाचं पत्र. सगळ्यात जास्त घोळ नावात होतो. आधारवर 'सुरेखा', दाखल्यावर 'सुलेखा', लग्न झालेल्या पोरीचं पासबुक माहेरच्या नावाने आणि आधार सासरच्या, मग पुढं सर्टिफिकेटपर्यंत सगळं अडकतं. अर्जाआधी सगळे कागद शेजारी शेजारी ठेवून स्पेलिंग आणि जन्मतारीख जुळवा आणि आधार दुरुस्त करायचं असेल तर आधी तेच करून घ्या.

अर्ज करायला कौशल पंजी नावाच्या पोर्टलवर नोंदणी होते, पण मोबाईलवर जमत नसेल तर पंचायत समितीत उमेदचा तालुका कक्ष असतो तिथं जा, नाहीतर गावातल्या बचत गटाच्या ताईंना धरा. हॉटेलची बॅच कुठल्या सेंटरला आहे, कधी सुरू होणार, राहायची सोय आहे का, हे तिथंच विचारायचं. मग सेंटरवाले समुपदेशन करतात, कल बघतात, त्या वेळी आई-वडिलांना सोबत न्या, विशेषतः मुलीला निवासी सेंटरला ठेवायचं असेल तर खोल्या, बाथरूम, वॉर्डन कोण हे डोळ्याने बघून या, त्यात लाजायचं काही नाही.

एक रुपया फी नाही. ट्रेनिंग, युनिफॉर्म, निवासी असेल तर राहणं-जेवण सगळं योजनेतून. कुणी फॉर्मचे, सीटचे किंवा नोकरी पक्की करायचे पैसे मागितले तर देऊ नका, सरळ जिल्ह्याच्या उमेद कक्षात तक्रार करा.

कोर्स 3 महिन्यांपासून 12 महिन्यांपर्यंत असतात. हॉटेलमध्ये स्टुअर्ड (टेबलवर वाढणारा), हाऊसकीपिंग (खोल्यांची साफसफाई), फ्रंट ऑफिस (रिसेप्शन), किचन असे ट्रेड, सोबत इंग्रजी आणि कॉम्प्युटर. स्टुअर्डला पाण्याने भरलेले ग्लास ट्रेवर ठेवून चालायला लावतात, हाऊसकीपिंगला चादरीवर एक सुरकुती न ठेवता बेड करायला, पहिल्या आठवड्यात हात दुखतात पण ते बसून जातं. हजेरी बायोमेट्रिकवर असते तेव्हा दांड्या मारू नका. शेवटी परीक्षा आणि सर्टिफिकेट.

घरी एक गोष्ट आधीच सांगून ठेवा, हॉटेलात सणासुदीला सुट्टी नसते, ब्रेक शिफ्ट असते म्हणजे सकाळी काम, दुपारी मोकळं, परत संध्याकाळी ड्युटी, आणि दिवसभर उभं राहायचं. हे माहीत नसल्यामुळं चांगली पोरं महिन्याभरात परत येतात.

नोकरी लावून देणं ही सेंटरची जबाबदारी आहे. लागल्यावर महिना 1000 रुपये मदतही मिळते, जिल्ह्यातच असाल तर 2 महिने, राज्यात दुसरीकडं 3, राज्याबाहेर 6 महिने. त्यासाठी पगार बँकेतच घ्या आणि ऑफर लेटर, पगाराच्या स्लिपा जपून ठेवा, सेंटरवाले त्याच मागतात.