कोल्हापूरचे डॉक्टर आणि तपासणीच्या खोलीतली गर्दी

सोनोग्राफीला आलेल्या गरोदर बाईला आधी टेबलावर झोपवत नाहीत, आधी 'एफ फॉर्म' भरून घेतात. नाव, पत्ता, ओळखपत्र, आधीची मुलं किती, त्यांत मुलगे किती नि मुली किती, कुठल्या डॉक्टरनं पाठवलं, कशासाठी पाठवलं. खाली बाईची सही किंवा अंगठा: मला गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही. त्याखाली डॉक्टरची सही: मी ते सांगितलेलं नाही. तपासणी लवकर उरकते, कागद उरकत नाही. गर्भलिंगनिदानाला बंदी करणाऱ्या कायद्याचा हा फॉर्म देशभर सारखाच आहे. पण मशिनला पेटी जोडून डॉक्टरवर नजर ठेवायचा प्रयोग गाजला तो कोल्हापूरचा. त्याकडे येण्याआधी थोडं मागं जावं लागेल.

कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवरच्या सीपीआरला, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाला, जुनी माणसं अजून 'थोरला दवाखाना' म्हणतात. संस्थानकाळात ते अल्बर्ट एडवर्ड रुग्णालय होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डॉ. कृष्णाबाई केळवकर तिथं काम करत होत्या. पुढच्या शिक्षणासाठी शाहू महाराजांनी त्यांना परदेशी धाडलं होतं. त्या काळी डॉक्टर दरबारचा नोकर. पगार दरबारचा, इमारत दरबारची. अडचण एकच, ती म्हणजे माणसं दवाखान्यात यायला तयार नसत, बायका तर नाहीच.

स्वातंत्र्यानंतर गल्लोगल्ली खासगी दवाखाने आले. पेशंटनं घरून रिकामी बाटली आणायची, कंपाउंडरनं त्यात लाल औषध भरायचं आणि डोसाच्या खुणांची कातरलेली कागदी पट्टी बाहेरून चिकटवायची. हिशेब वहीत, तोही कित्येकदा सुगीपर्यंत थांबलेला. या काळाच्या आठवणी काढून अनेक जण डोळे ओले करतात. मला त्यात फार रमावंसं वाटत नाही, कारण त्या बाटलीत काय आहे हे पेशंटला कोणी सांगत नसे आणि विचारायची सोयही नव्हती.

कोर्टाची पायरी तेव्हाही होती, फक्त लांब होती. १९५३ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचं हाड मोडलं. त्याला पुण्याला हलवलं, तिथं उपचारादरम्यान तो दगावला. दावा लावणारे वडील स्वतः डॉक्टर होते. भूल न देता जोर लावून हाड बसवल्याचा ठपका उपचार करणाऱ्यांवर आला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला १९६८ साली, भरपाई ३,००० रुपये. डॉक्टरनं कमाल नव्हे आणि किमानही नव्हे, तर वाजवी काळजी घेतली पाहिजे, ही त्या निकालातली कसोटी आजही वापरात आहे. पण एका दाव्याला पंधरा वर्षं लागत असतील तर कोण जाणार कोर्टात?

ती वाट जवळ आली ग्राहक संरक्षण कायद्यामुळे. कायदा १९८६चा, पण डॉक्टर त्याच्या कक्षेत येतात की नाही यावर बरीच वर्षं वाद चालला. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, पैसे घेऊन केलेला उपचार ही 'सेवा'च. सगळ्यांवर मोफत उपचार होतात ती ठिकाणं मात्र बाहेर. पेशंट ग्राहक झाला. डॉक्टरनं विमा उतरवला, संमतिपत्रं लांबली आणि 'नंतर बोलायला नको' म्हणून दोन तपासण्या जास्त लिहिण्याची सवय पडली. तिचा खर्च पुन्हा पेशंटच्याच खिशातून.

फौजदारी गुन्ह्याची टांगती तलवार वेगळी. २००५मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं, निष्काळजीपणा घोर असेल तरच गुन्हा, आणि आधी दुसऱ्या तज्ज्ञाचं, शक्यतो सरकारी डॉक्टरचं मत घ्या, असं बजावलं.

आता ती पेटी. २००१च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागं मुली होत्या ८३९. शाहूंच्या नावानं मिरवणाऱ्या जिल्ह्याला हा आकडा चांगलाच झोंबला. लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना एफ फॉर्म ऑनलाइन झाले आणि सोनोग्राफी मशिनवर 'सायलेंट ऑब्झर्व्हर' बसवायला सुरुवात झाली. पडद्यावर जे दिसेल ते साठवून ठेवणारं यंत्र. रेडिओलॉजिस्टांची संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली. पेशंटच्या खासगीपणाचं काय, आणि मूठभरांच्या पापासाठी सगळ्यांनाच चोर का ठरवता, हा त्यांचा राग. ऑगस्ट २०११मध्ये न्यायालयानं याचिका फेटाळली. चित्रण कुठल्या सर्व्हरवर जात नाही, मशिनजवळच राहतं, त्यामुळं गोपनीयता मोडत नाही, असं त्यात म्हटलं होतं.

२०११च्या जनगणनेत आकडा ८६३ झाला. त्याचं श्रेय पेटीला देण्याची घाई नको; जनगणना त्या फेब्रुवारीत झाली, पेटी नुकतीच आली होती. आणि डॉक्टरांची तक्रारही अर्धीच खरी. लिंगनिदान करणारे परग्रहावरून आले नव्हते, त्यांना शेजारच्या केबिनमधले ओळखत होते. तरी एका गोष्टीत डॉक्टरांच्या बाजूनं बोललं पाहिजे. गर्भलिंगनिदान आणि फॉर्ममधला रिकामा रकाना यांना कायदा एकाच तागडीत तोलतो. रकाना चुकून राहिला हे डॉक्टरनंच सिद्ध करायचं. ही तरतूद सर्वोच्च न्यायालयानं मे २०१९मध्ये कायम ठेवली.

डॉक्टरांना होणाऱ्या मारहाणीचं प्रकरण थोडक्यात. महाराष्ट्रानं २०१०मध्येच कायदा केला: तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, नुकसानीची दुप्पट भरपाई. तरी २०१७मध्ये धुळ्यात निवासी डॉक्टरला मारहाण झाली आणि राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले.

राजारामपुरीत किंवा सीपीआरच्या आवारात सकाळी उभं राहिलं की सिंधुदुर्गातून, निपाणीकडून, गगनबावड्यातून आलेल्या गाड्या दिसतात. यातल्या पुष्कळांचा पहिला प्रश्न आजाराचा नसतो, 'योजनेत बसतंय काय?' हा असतो. ही योजना म्हणजे सरकारी खर्चानं उपचार. २०१२ साली ती राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे राज्यभर पसरली, २०१७मध्ये महात्मा जोतिराव फुल्यांचं नाव तिला मिळालं. काउंटरवर आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसतो, शिधापत्रिका बघतो, फोटो नि रिपोर्ट अपलोड होतात, मंजुरीची वाट बघावी लागते. जिला दागिने गहाण टाकावे लागले असते अशी बाई आज पैसे न देता ऑपरेशन करून घरी जाते, हे लहान नाही. डॉक्टरची कुरकूर वेगळी: ऑपरेशनचा दर पॅकेजनं आधीच ठरलेला, कधी करायचं ते मंजुरीवर, आणि उशीर झालाच तर नातेवाईक जाब विचारणार समोर दिसेल त्या डॉक्टरला.